‘संपर्क नाही’ म्हणजे कोण?

जामसांवलीच्या मारुतीच्या रस्त्यावर आमच्या ओळखीचा एक पेढेवाला आहे. त्याचा भाचा इंदूरहून कॉम्प्युटरचं काहीतरी शिकून आला आणि त्याने मामाच्या दुकानातल्या विक्रीचा रंगीत तक्ता बनवला. निळे खांब, हिरवे खांब, त्यांच्या डोक्यावरून जाणारी एक वळणदार रेघ. मामा तो मोबाइलमध्ये घेऊन सौंसरला माझ्या घरी आला. एवढ्या रंगरंगोटीतून निघालेला निष्कर्ष असा होता की मंगळवारी आणि शनिवारी विक्री वाढते. मी म्हटलं, “भाऊ, मारुतीच्या दारात दुकान आहे तुमचं. हे तुम्हाला माहीत नव्हतं का?”

“माहीत होतं ना मॅडमजी,” तो म्हणाला, “पण आता डेटा सांगून राहिला.”

माझ्या धंद्याची आजची अवस्था याहून नेमक्या शब्दांत मला सांगता येणार नाही. मी सगळी नोकरी सरकारी सांख्यिकी कार्यालयात काढली. पेरा, पाऊस, जनावरं, माणसं, जे मोजता येईल ते मोजलं आणि जे मोजता येत नाही तेही वरून हुकूम आला म्हणून मोजलं. तेव्हा आम्हाला लोक ‘आकडेवाली बाई’ म्हणायचे, आणि मटक्याच्या आकड्याशी गल्लत करून एक-दोघांनी मला आजचा ओपन काय म्हणून विचारलंही होतं. निवृत्त झाल्यावर त्याच कामाला ‘डेटा ॲनालिसिस’ म्हणतात असं कळलं. नाव बदलल्याबरोबर प्रतिष्ठा आली. व्यापारी, संस्था, शाळा, जो तो ‘आमचा डेटा जरा पाहून द्या’ म्हणत दारात उभा राहू लागला.

बाहेरच्यांना वाटतं हे काम फार अवघड आहे. हे काम अजिबात अवघड नाही. चार नोंदी समोर असतात, त्या पाहून काय घडलं असावं ते सांगायचं असतं. अवघड असतात ती माणसं. दहातल्या नऊ जणांना उत्तर नकोच असतं. उत्तर त्यांनी घरूनच आणलेलं असतं. त्याला घालायला फक्त कपडे हवे असतात.

पांढुर्ण्याच्या एका संत्रा व्यापाऱ्याने मोठ्या हौसेने सॉफ्टवेअर आणलं. आमच्याकडे संत्र्याचे दोन बहार. आंबिया दिवाळीच्या सुमारास उतरतो, मृग होळीच्या आगेमागे. फळ वेगळं, साल वेगळी, भाव वेगळा. सॉफ्टवेअरने दोन्हींची मिळून सरासरी काढली आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवली. अख्ख्या वर्षात त्या भावाने एकही संत्रं विकलं गेलं नव्हतं. मी ते सांगितलं तर शेठजींना राग आला. “कॉम्प्युटर चुकते का मॅडमजी?” मी म्हटलं, कॉम्प्युटर नाही चुकत, त्याला विचारणारा चुकतो. त्यांनी चहा पाजला आणि पुन्हा बोलावलं नाही.

काम कसं करावं याची माझी स्वतःची एक रीत आहे. ती मी कुठल्या अभ्यासक्रमात शिकले नाही. माणसांचा राग येत गेला आणि एकेक नियम तयार होत गेला. पहिला नियम माझ्या एका साहेबांच्या कृपेने मिळाला. कपाशीच्या क्षेत्राचा अहवाल करायचा होता. मी फाइल घेऊन गेले, तर साहेब मान वर न करता म्हणाले, “आकडा किती काढायचाय?” त्या दिवसापासून मी काहीही हातात घेण्याआधी विचारते, की या उत्तरावर कोण काय करणार आहे? कोणाची बदली होणार आहे, कोणाला बक्षीस मिळणार आहे, काय बंद पडणार आहे? ते कळल्याशिवाय मी एक रकाना उघडत नाही. समोरचा अडखळला तर समजावं की उत्तर ठरलेलं आहे.

बाकीचे नियमही असेच साधे आहेत. आकडा जिथे जन्मतो तिथे एकदा जाऊन बसायचं. एक ओळ म्हणजे नक्की काय, हे लिहून घ्यायचं. रिकामा खण आणि शून्य यांना एक समजणाऱ्याला दारात उभं करायचं नाही. आणि सगळ्यात त्रासाचा नियम म्हणजे, जे उत्तर सगळ्यांना आवडलं त्यावर दुप्पट संशय घ्यायचा. या शेवटच्या नियमाने माझी अर्धी गिऱ्हाइकं पळवली आहेत. उरलेल्या अर्ध्यांपैकी एकाची गोष्ट सांगते.

मोहगावाच्या पुढे एका गावात एका ट्रस्टचं प्रसूती केंद्र आहे. दोन खोल्या, चार खाटा, बाहेर कडुलिंब आणि एक गाडी. तिथे लता सिस्टर काम करायची. सिस्टर कसली, सगळंच तीच. नोंदणी ती करी, रक्त ती तपासी, बाळंतपणं ती करी, आणि पोरांच्या टोप्याही तीच विणी. ट्रस्टचं ऑफिस पांढुर्ण्याला, आणि तिथे चौधरी साहेब प्रकल्प अधिकारी. त्यांचा एके दिवशी फोन आला.

“मॅडमजी, एक रिपोर्ट आला आहे पुण्याहून. बस, एकदा नजर टाका अन् सही करून द्या. लोकल एक्स्पर्ट म्हणून.”

“या रिपोर्टवर काय करणार आहात?”

ते अडखळले. मग म्हणाले, “ते केंद्र बंद करायचं चालून राहिलं. रिझल्ट नाही ना.”

म्हणजे त्या पट्ट्यातल्या बायांना बाळंतपणासाठी सौंसरपर्यंत जावं लागणार होतं, कळा सुरू असताना, मिळेल त्या वाहनाने. आणि लताची नोकरी जाणार होती. आणि त्यावर माझी सही हवी होती. मी म्हटलं, रिपोर्ट नको, मूळ नोंदी पाठवा.

पुण्याच्या सल्लागाराचं नाव ओजस. केंद्राच्या नोंदींचं ॲपही त्यानेच बनवलेलं. मुलगा गोड बोलायचा. त्याने व्हिडिओ कॉलवर मला पडदा दाखवला. गावांचा नकाशा होता आणि त्यात हे केंद्र लालभडक. नोंदणी झालेल्या बायांपैकी बऱ्याच जणींच्या नावापुढे बाळंतपणाच्या वेळी ‘संपर्क नाही’. याला त्याने ‘गळती’ असं नाव दिलं होतं. जणू बाया नव्हत्या, पाण्याची टाकी होती.

“मॅम, डेटा क्लीन करूनच ॲनालिसिस केलंय,” तो म्हणाला.

“काय काय झाडून टाकलंत?”

“ज्या फील्ड्सचा उपयोग नव्हता त्या.”

“एक ओळ म्हणजे काय तुमच्या तक्त्यात?”

“एक लाभार्थी.”

“आणि तीच बाई दोन वर्षांनी पुन्हा आली तर?”

“तीच लाभार्थी ना.”

म्हणजे कितवं बाळंतपण हा रकानाच या गृहस्थाने बिनउपयोगी म्हणून काढून टाकला होता. पहिलटकरीण आणि चौथ्या खेपेची बाई त्याच्या हिशेबी एकच. आपल्या आईला एकदा फोन करून विचारलं असतं तरी फरक कळला असता. पण आईला विचारणं हे ॲनालिसिसमध्ये बसत नाही. मी म्हटलं, मला तुमचा स्वच्छ डेटा नको, घाणेरडाच पाठवा.

तो येईपर्यंत मी बसने मोहगावला आणि तिथून पुढे केंद्रात गेले. लताच्या शेजारी स्टुलावर बसले. तिला वाटलं मी चौकशीला आले. पहिल्यांदा ती माझ्याशी धड बोललीच नाही. एक मुलगी आली, सातवा महिना लागलेला, हातात नव्या हिरव्या बांगड्या, बरोबर तिची आई. मुलगी सासरी याच गावात, माहेर वरुडकडचं. आई तिला न्यायला आली होती. लताने गोळ्या दिल्या, कागद दिले, काय खायचं ते सांगितलं. मायलेकी गेल्यावर तिने टॅब काढला. त्यात विचारलं होतं, की प्रसूती कुठे होणार? खाली यादी. लताने बोट फिरवत फिरवत सगळी यादी मला दाखवली. फक्त मध्य प्रदेशातले जिल्हे.

“वरुड कुठं हाये इच्यात? काटोल कुठं हाये? नरखेड कुठं हाये?” ती म्हणाली. “आमच्या अर्ध्या पोरी तिकडूनच्या, मॅडमजी. पयलं बाळंतपण माहेरीच करतेत ना. मी काय लिहू? काही नाई दाबलं तं हे पुढं सरकत नाई. मंग दाबतो ‘संपर्क नाही’.”

आता ज्यांना आमचा मुलूख माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सौंसर-पांढुर्णा कागदावर मध्य प्रदेशात आहे, अगदी हद्दीला; वरुड, काटोल, नरखेड पलीकडे महाराष्ट्रात. सोयरिकींना ते कोणी कळवलेलं नाही. आमच्या मुली तिकडे जातात, तिकडच्या इकडे येतात. सातव्या महिन्यात माहेरचे येतात आणि लेकीला घेऊन जातात, आणि मध्ये राज्याची हद्द आहे म्हणून कोणी थांबत नाही. पुण्यात बसलेल्या पोराने मात्र तिथे भिंत घातली आणि भिंतीपलीकडे गेलेल्या प्रत्येक पोरीला हरवलेली ठरवलं. याची दुसरी बाजू याहून मजेदार. गावातल्या ज्या मुली तिकडे दिलेल्या, त्या बाळंतपणाला इथे येत. त्या आठव्या महिन्यात पहिल्यांदा दिसत म्हणून ॲप लिहायचं, ‘उशिरा नोंदणी’. ते खापरही लताच्याच डोक्यावर. म्हणजे जाणाऱ्या पोरींसाठी ती दोषी आणि येणाऱ्यांसाठीही तीच.

मी हे चौधरी साहेबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते खूश झाले. फार खूश झाले. “वा मॅडमजी! एकदम सही पकडलं. माहेर! मस्त. आता केंद्र वाचलं समजा.” ओजसने तर लगेच त्याला ‘कल्चरल फॅक्टर’ असं नाव दिलं आणि नकाशासाठी एक नवा जांभळा रंग निवडला. लताने मला स्वतःच्या हाताने चहा करून दिला.

सगळ्यांना एकदम आवडलं, तेव्हाच माझ्या कपाळाला आठी पडली. घरी येऊन मी मूळ नोंदी उघडल्या. माहेर हे पहिल्या खेपेचं कारण. फार तर दुसऱ्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कोणती बाई घर, पोरं, कापूस वेचणं सोडून माहेरी जाऊन बसते? म्हणून मी पहिलटकरणी बाजूला काढल्या. ‘संपर्क नाही’ची रास एकदम लहान झाली, पण संपली नाही. जुन्या, अनुभवी, तीन-चार खेपेच्या बाया त्यात उरल्याच. मग मी त्यांच्या पुढचे रकाने पाहिले. जवळजवळ सगळ्यांचं रक्त कमी.

मग मी उलटं पाहिलं. केंद्रात ज्यांचं बाळंतपण झालं त्यांच्यात रक्त कमी असलेल्या किती? एकही नाही. केंद्राच्या भिंतीवर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं मी पाहून आले होते, ‘शंभर टक्के सुरक्षित प्रसूती’. ते शंभर कसे झाले ते आता दिसत होतं. जिच्यात धोका होता ती आत आलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा केंद्रात गेले. लताला त्या नोंदी दाखवल्या. तिचा चेहरा उतरला आणि मग ती भडकली.

“तुम्ही मले वाचवाले आल्या का अडकवाले?”

“मी खरं काय ते पाहायला आले, लता.”

“खरं?” ती म्हणाली. “खरं हे हाये का साहेबायनं सांगितलं, रक्त कमी असलं तं इथं घेऊ नोको, मोठ्या दवाखान्यात जाले सांग. मी सांगतो. गाडी मागितली तं म्हणतेत, गाडी केंद्राच्या पेशंटसाठी हाये. अन् ते तं केंद्राच्या पेशंटच नाई ना. घेतलंच नाई तं पेशंट कशा? मंग त्या जाते घरी. तिथंच होते बाळंत.”

धोक्याच्या बाईला मोठ्या दवाखान्यात पाठवणं चूक नाही, तेच बरोबर आहे. पण पाठवणं वेगळं आणि हाकलणं वेगळं, आणि दोन्हींत फरक असतो तो गाडीचा. इथे गाडी कडुलिंबाखाली उभी असायची, धुतलेली, ट्रस्टचं नाव रंगवलेली. तिचा फोटोही अहवालात होता.

लता मला कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या वस्तीत घेऊन गेली. तिथे रेखा भेटली. चौथी खेप, सहावा महिना, ओठ पांढरे पडलेले. आदल्या खेपेला तिला असंच दारातून परत पाठवलं होतं. घरात बाळंत झाली, ती कशीबशी राहिली, लेकरू राहिलं नाही. मी मूर्खासारखं विचारलं, माहेरी का गेली नाहीस?

“माहेरी कोण हाये बाई?” ती म्हणाली. “माय मेली, बाप मेला. भावानं घर मोडलं अन् तो सुरतले गेला. आता या खेपेलेबी सिस्टर नाईच म्हणन, मले माईत हाये.”

लता तिच्याकडे पाहत नव्हती. दारातल्या कोंबडीकडे पाहत होती.

मी अहवाल लिहिला. पहिल्या भागात माहेर, दुसऱ्या भागात या बाया. शेवटी एकच मागणी केली, की ज्या बाईला केंद्र घेणार नाही तिला केंद्राच्या गाडीने सरकारी दवाखान्यात पोहोचवावं आणि तशी नोंद करावी. पांढुर्ण्याच्या ऑफिसात बैठक झाली. चौधरी साहेबांनी पहिला भाग मोठ्याने वाचून दाखवला, टाळ्याही वाजवल्या. दुसऱ्या भागावर आले आणि चष्मा काढून ठेवला.

“मॅडमजी, हे जरा सेन्सिटिव्ह आहे. हे आपण पुढील अभ्यासासाठी ठेवू.”

पुढील अभ्यास म्हणजे आमच्या धंद्यातली अडगळीची खोली. तिथे गेलेलं काहीही आजवर परत आलेलं नाही. मी म्हटलं, “साहेब, एका बाईचे दिवस भरत आले आहेत. ती तुमच्या अभ्यासासाठी थांबणार नाही.” ते हसून म्हणाले, “तुमी टेन्शन नका घेऊ. मी पाहून घेतो.” ओजसने ॲपमध्ये ‘माहेरी गेली’ हा पर्याय वाढवला. केंद्र बंद पडण्याचं टळलं. मी माझा फोन नंबर रेखाच्या घरी देऊन आले होते आणि लताला तिची तारीख विचारत राहिले. एके दिवशी लताचाच फोन आला. “झालं मॅडमजी. बाई अन् लेकरू, दोघं सही हाये.” मला वाटलं चौधरी साहेबांनी खरंच पाहून घेतलं, गाडी दिली. माणसाबद्दल चांगलं वाटून घ्यायची हौस या वयातही जात नाही.

पुढे काही महिन्यांनी ट्रस्टने पांढुर्ण्याला मोठा कार्यक्रम ठेवला. देणगीदार नागपूरहून येणार होते. माझा सत्कार होता, आणि ‘डेटाबद्दल दोन शब्द’ बोलायचे होते. मी सवयीने नव्या नोंदी मागवल्या. केंद्राचा सगळा पडदा हिरवा. ‘संपर्क नाही’ कुठेच नाही. इतकं छान चित्र पाहिलं की माझा संशय दुप्पट होतो. मी एकेक ओळ खाली उतरत गेले आणि रेखाच्या ओळीवर थांबले. चौथी खेप. रक्त कमी. शेरा, ‘माहेरी गेली’.

मी त्याच दिवशी लताकडे गेले. ती बाहेर टोप्या वाळत घालत होती. मी विचारलं, रेखाला कुठलं माहेर सापडलं?

तिने हातातली टोपी दोरीवर टाकली आणि सगळं सांगितलं. भर दुपारी रेखा कळा देत दारात आली. गाडी उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, साहेबांना विचारा. साहेबांना फोन केला, तर साहेब म्हणाले, नियम म्हणजे नियम. रस्त्याने संत्र्याचे क्रेट घेऊन एक पिकअप जात होती. लता तिच्यापुढे आडवी उभी राहिली. क्रेट उतरवून रस्त्याच्या कडेला रचले आणि रेखाला मागे निजवून सौंसरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. रक्त चढलं, बाळंतपण नीट झालं, मुलगी झाली. दवाखान्यात विचारलं, सोबत कोण, नातं काय? लताने लिहिलं, बहीण.

“पण मग टॅबमध्ये असं का लिहिलंस?”

“मंग काय लिहू, तुमीच सांगा,” ती म्हणाली. “‘संपर्क नाही’ लिहिलं असतं तं लाल झालं असतं, केंद्र गेलं असतं. खरं लिहिलं असतं तं मी गेली असती. तुमी तो नवा खाना करून देल्ला ना? थ्योच कामी आला. आता ज्या ज्या परत जाते, त्या साऱ्या माहेरीच जाते.”

मला तिचा राग आला नाही. मला माझ्या त्या चार ओळींच्या शोधाची लाज वाटली. इतके महिने मी लोकांना सांगत फिरले होते की माहेर ओळखलं ते मी.

कार्यक्रमाच्या दिवशी मी स्टेजच्या मागे चौधरी साहेबांना गाठलं. लताचं नाव न काढता म्हटलं, या नोंदी खोट्या आहेत. तिसऱ्या-चौथ्या खेपेच्या, रक्त कमी असलेल्या बाया माहेरी जात नाहीत. निदान एक तरी ओळ मी शपथेवर खोटी सांगू शकते. साहेब गळ्यातलं उपरणं नीट करत म्हणाले, “मॅडमजी, एका ओळीनं काय होते? पूर्ण पिक्चर पाहा ना.”

मला पूर्ण पिक्चर त्यांच्या मागे पडद्यावर दिसत होतं, भिंतीएवढं, हिरवंगार. मी स्टेजवर गेले. शाल घेतली, श्रीफळ घेतलं. माइक हातात आला तेव्हा मी देणगीदारांना म्हटलं, “आपण भिंतीवर शंभर टक्के लिहिलं आहे. शंभर कोणातले? दारातून परत पाठवलेल्या बायांचा खण या पडद्यावर कुठे आहे, ते कोणी मला दाखवेल का?” चौधरी साहेबांनी पटकन माइक घेतला आणि म्हणाले की यावर चहाच्या वेळी चर्चा होईल. चहाला माझ्याशी कोणी बोललं नाही. पण पुढच्या रांगेत एक म्हाताऱ्या बाई होत्या, देणगीदारांपैकीच. त्यांनी बशी खाली ठेवली आणि साहेबांना विचारलं, “अहो, पण खरंच, कुठे आहे तो?” आणि उत्तर मिळेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.

त्यातून काय झालं ते सांगते. नियम बदलला. केंद्र घेणार नाही त्या बाईला आता केंद्राची गाडी नेते, आणि ‘मोठ्या दवाखान्यात पोहोचवली’ असा खण आला. तो भरतो आहे. मी जाऊन पाहिलं आहे, ड्रायव्हरला विचारलं आहे, दवाखान्यातही विचारलं आहे. चौधरी साहेब आहेत तिथेच आहेत, फक्त आता ते भाषणात गाडीचा उल्लेख करतात. आणि हा बदल झाला तेव्हा मी खोटी म्हटलेली ती एक ओळ धरून चौकशीही झाली, की त्या दुपारी रस्त्यावर कोणाचे क्रेट उतरवले गेले आणि कोणी उतरवले. केंद्र सोडून जाणं, खोटी नोंद, ट्रस्टची बदनामी, असं बरंच काही निघालं. लताची बदली पांढुर्ण्याच्या ऑफिसात झाली. बाळंतपणं करणारी बाई आता खिडकी नसलेल्या खोलीत बसून सगळ्या केंद्रांचे आकडे भरते.

मागच्या महिन्यात ट्रस्टने मला पत्रकासाठी लेख मागितला. मथळा त्यांनीच पाठवला होता, ‘डेटाची कमाल’. रेखाच्या मुलीचा फोटोही छापणार होते. मी लिहून पाठवलं की डेटाने काहीही कमाल केली नाही. डेटात तर रेखा माहेरी गेली होती. तिला लता सिस्टरने पिकअपमध्ये घालून दवाखान्यात नेलं, म्हणून ती आणि तिची मुलगी आज आहेत. आणि हे खरं लिहिण्याची सोय आपल्या डेटात नव्हती, म्हणून तिला खोटं लिहावं लागलं. एवढंच छापा. त्यांनी अर्थातच छापलं नाही. जागा कमी पडली असं कळवलं.

तेव्हा ते या अंकात येऊ दे असं ठरवलं. पण छापण्याआधी मी पांढुर्ण्याला जाऊन लताला विचारलं. म्हटलं, तुझं नाव बदलून टाकते. पुन्हा काही झालं तर?

तिने कॉम्प्युटरवरून नजर काढली आणि त्या कोंदट खोलीत कितीतरी दिवसांनी हसली.

“छापा ना मॅडमजी, बिनधास्त छापा. आता मले आणखी कुठं पाठोतीन? पांढुर्ण्याच्या पुढं तं त्यायचं राज्यच सरते.”